श्री आणि रद्दी

‘कॉम्प्युटर काय, आपण सांगू तेवढंच करतो,’ हे वाक्य नोकरीत असताना मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलं, की पुढे पुढे ते म्हणणाऱ्याला मी चहासुद्धा विचारत नसे. सांगू तेवढंच करतो हे खरं. पण आपण नेमकं काय सांगून बसलोय, हे आपल्याला तरी कुठे कळलेलं असतं? माझी बरीचशी नोकरी या एका गोंधळात गेली, आणि आता निवृत्त होऊन खांदेश्वरच्या घरी निवांत बसले आहे तरी तो पुरता मिटलेला नाही.

आमचं ऑफिस शिरवण्याच्या कडेला, औद्योगिक पट्ट्यातल्या एका गाळ्यात होतं. एका बाजूला रबरी वॉशर बनवणारा, दुसऱ्या बाजूला ट्रकच्या ताडपत्र्या शिवणारा, आणि मधे आम्ही. आमच्याकडे काय बनतं हे दोन्ही शेजाऱ्यांना कधी समजलं नाही, कारण आमच्याकडे काहीच बनत नसे. लोकांच्या फायलींच्या प्रती आम्ही सांभाळायचो. तळोज्याच्या कारखान्यांचे तपासणी अहवाल, फोटो स्टुडिओंची लग्नं, एका होमिओपॅथ डॉक्टरांचे पेशंट, दोनतीन सोसायट्यांच्या कॅमेऱ्यांचं चित्रण. त्यांच्याकडचं मशीन बंद पडलं की फोन यायचा, आणि आम्ही प्रत काढून द्यायचो. सगळं ठीक असलं की आमची आठवण कुणालाही येत नसे, आणि ते योग्यच आहे.

हे काम माऊस हातात घेऊन करायला बसलं तर जन्म पुरायचा नाही. म्हणून आमच्यासारखी माणसं शेलमध्ये काम करतात. शेल म्हणजे पडद्यावरची ती काळी चौकट. तिच्यात चित्रं नाहीत, बटणं नाहीत, नुसत्या आज्ञा टाइप करायच्या. रोज त्याच आज्ञा द्यायच्या असल्या तर त्या एकदाच लिहून ठेवतात, त्याला स्क्रिप्ट म्हणतात. आणि स्क्रिप्टमध्ये सगळ्यात उपयोगाचा असतो तो लूप. म्हणजे शेलला सांगायचं, की या डिस्कवर काय काय आहे त्याची नावं काढ, आणि एकेक नाव हातात घेऊन त्याचं अमुक अमुक कर. एकदा लिहून दिलं की आपण डबा खायला मोकळे.

या धंद्यात शिरले तेव्हा मला एक सोवळं शिकवलं गेलं होतं. फाईलच्या नावात मोकळी जागा ठेवायची नाही. दोन शब्द असले तर मधे आडवी रेघ मारायची. का, ते शिकवणाऱ्यानेही सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. आमच्याकडे कराडला वडील जेवताना ताटाभोवती पाणी फिरवायचे, त्यांना तरी कुठे कुणी का म्हणून विचारलं होतं?

तळोज्याच्या एका रंगाच्या कारखान्याचे लॅब मॅनेजर हे सोवळं पाळत नसत. त्यांनी एकदा ‘रिपोर्ट फायनल फायनल नवा’ या नावाची फाईल पाठवली, आणि आमच्या स्क्रिप्टने तक्रार केली की ‘रिपोर्ट’ नावाची फाईल सापडत नाही, ‘फायनल’ नावाची सापडत नाही, पुन्हा ‘फायनल’ नावाची सापडत नाही. मी तो निरोप त्यांना वाचून दाखवला. ते फोनवर बराच वेळ हसले आणि म्हणाले, “मॅडम, मशीन बरोबर बोलतंय. आमच्याकडे फायनल असं काही नसतंच.” मी त्यांना रेघ मारायला सांगितली, त्यांनी मारली, काम झालं. प्रश्न सुटला की त्याच्या मुळाशी जायचं नाही, हीसुद्धा आमच्या धंद्यातली रीतच आहे.

आता नानांबद्दल सांगायला हवं. नाना पेडणेकर आमचे ऑपरेटर. मूळचे मालवणकडचे, वयाने माझ्याहून मोठे, कामाला चोख. त्यांचं एकच होतं. वरती ‘श्री’ लिहिल्याशिवाय ते कशालाही हात घालत नसत. वहीवर श्री, चलनावर श्री, नव्या डिस्कच्या खोक्यावर श्री. कॉम्प्युटरवरसुद्धा नवीन फोल्डर काढला की नाव ‘श्री’पासून सुरू. कामात निघालेला कचरा बाजूला टाकायला त्यांनी एक फोल्डर ठेवला होता, त्याचंही नाव ‘श्री रद्दी’.

“नाना, निदान रद्दीला तरी श्री नको,” मी म्हणायचे.

“अहो मॅडम, सुरुवात ती सुरुवात. रद्दीची झाली म्हणून काय झालं?”

“बरं, लिहा. पण मधे रेघ तरी मारा.”

यावर ते दुखावले जायचे. “श्रीला रेघ चिकटवू? देवाच्या नावाला शेपूट? जागा सोडूनच लिहायचं असतं ता.”

त्यांचं एक सोवळं, माझं एक. दोघांनाही आपापल्या सोवळ्याचं कारण ठाऊक नव्हतं, पण मी शिकलेली असल्यामुळे माझं ते शास्त्र आणि त्यांची ती अंधश्रद्धा, असं मी बिनदिक्कत धरून चालले होते.

दर शनिवारी दुपारी एक स्क्रिप्ट आपोआप चाले. नावात ‘रद्दी’ असलेले सगळे फोल्डर शोधायचे आणि नाहीसे करायचे, एवढंच त्याचं काम. ते माझ्या आधीच्या माणसाने लिहिलं होतं, जो आता कॅनडात बर्फ उपसत असेल. माझे ‘तळोजा-रद्दी’, ‘स्टुडिओ-रद्दी’ वगैरे फोल्डर सोमवारी आल्यावर खरोखर गेलेले असत. डिस्क मात्र काही केल्या रिकामी होत नसे. कंपनीचे मालक कुरकुरत नवी डिस्क आणत, आणि हल्ली फोटोच मोठे असतात असं म्हणून आम्ही तिघंही स्वतःची समजूत घालत असू.

आमच्या गाळ्याचे मालक जनार्दनशेठ म्हात्रे, शिरवण्यातलेच. त्यांची बहीण वनिताताई एकदा नानांकडे फोन घेऊन आली. चाळिशी उलटलेली, बोलायला कमी, नजर एकदम सरळ. त्यांची आई हिराआय ही गावातली धवलारीण. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, आगरी लग्नात भटजींच्या इतकाच, किंबहुना थोडा जास्तच, मान धवलारणीचा असतो. हळदीपासून लग्नाचा एकेक विधी ती गाऊन लावते. त्या गाण्यांना धवले म्हणतात. ते कुठे लिहिलेले नसतात. आईकडून मुलीकडे किंवा सासूकडून सुनेकडे तोंडीच जातात.

वनिताताईने हिराआयचे धवले फोनवर रेकॉर्ड केले होते. त्यानंतर थोड्याच दिवसांत हिराआयला अर्धांगवायूचा झटका आला. माणूस वाचलं, समजतं सगळं, पण शब्द गेले. आणि जनार्दनशेठच्या मुलाचं लग्न ठरलेलं. आता धवले वनिताताईने म्हणायचे, असं घरात ठरलं. तिला सगळे येत होते, एक सोडून.

तो एक म्हणजे अगदी पहिला. त्यात आमंत्रणं असतात. गावदेवीला, वेशीवरच्या देवाला, खाडीला, मिठागराला, आणि मग त्या घरातल्या गेलेल्या माणसांना, ज्याला त्याला त्याच्या क्रमाने. तो हिराआय एकटी म्हणायची, बाकीच्या बायका मागून पुढच्या गाण्याला सूर धरायच्या. त्यामुळे तो वनिताताईच्या कानावर होता, तोंडात नव्हता. क्रम चुकला किंवा एखादं नाव गळलं तर ज्याचं गळलं तो रुसतो. आणि पहिला झाल्याशिवाय पुढचे म्हणता येत नाहीत.

“ते गाना सगल्यांत मिसलू नका,” वनिताताई नानांना म्हणाली. “त्याला वेगला ठेवा, वरती. आन माझ्या फोनमधना काढून टाका. आयनी घेऊ दिला तवाच सांगितला व्हता, येता-जाता वाजवाचा गाना नाय ते.”

नाना तर खूशच झाले. बाकीचे धवले त्यांनी एका फोल्डरमध्ये ठेवले आणि या एका गाण्याला डिस्कवर स्वतंत्र जागा दिली. नाव काय द्यायचं हा प्रश्नच नव्हता. नुसतं ‘श्री’. पुढेमागे काही नाही. पहिल्या गाण्याचे दोन नमुने होते, त्यातला एक वनिताताईने नको म्हणून सांगितला, कारण मधेच कुकर वाजला होता. दुसरा पहाटेचा, स्वच्छ होता, तोच ठेवला.

त्यानंतर ती दुपारी येऊ लागली. चपला दाराबाहेर काढायची, पदर सारखा करून हेडफोन लावायची आणि ओठ न हलवता ऐकत राहायची. मी माझ्या कामात असायचे. खरं सांगायचं तर पहिले दोन दिवस मला ते जरा जास्तच वाटलं. फाईल ती फाईल, चपला काढून काय ऐकायची? तिसऱ्या दिवशी मी माझा चहाचा कप उचलून लांब ठेवला. का ठेवला, कोण जाणे.

सोमवारी ती सकाळीच आली, बसली, आणि थोड्या वेळाने म्हणाली, “मॅडम, गाना नाय हाय.”

मी जाऊन पाहिलं. ‘श्री’ फोल्डर नव्हता. बाकीचे धवले होते, फोटो होते, होमिओपॅथचे पेशंट होते. तेवढाच नव्हता. मी नानांकडे पाहिलं.

“मी हात पण लावूक नाय हो,” नाना म्हणाले, आणि त्यांचा चेहरा बघून पुढे विचारवेना.

सगळ्या गोष्टींची एक प्रत आम्ही दुसऱ्या डिस्कवर दर सोमवारी संध्याकाळी घेत असू. गेल्या सोमवारच्या प्रतीत ‘श्री’ होता. मी तो परत आणून ठेवला, काहीतरी झालं असेल म्हणाले, आणि माझ्या कामाला लागले. काहीतरी झालं असेल, हे आम्ही गिऱ्हाइकाला सांगतो तेव्हा त्याचा अर्थ आम्हाला काहीही कळलेलं नाही असा असतो.

पुढच्या आठवड्यात तिच्या घरी केळवणांची गडबड होती. ती बुधवारी आली. गाणं पुन्हा नव्हतं. मी दुसरी डिस्क काढली. पण तिथली प्रत सोमवारी संध्याकाळी ताजी झाली होती, आणि ताजी होणं म्हणजे पहिल्या डिस्कवर जे नाही ते दुसरीवरूनही काढणं. दोन्हीकडून गेलं होतं.

मी आठवेल ते सगळं केलं. व्हायरस शोधला. डिस्क खराब आहे का ते तपासलं, ती ठणठणीत होती. पुसलेल्या फायली उकरून काढणारं सॉफ्टवेअर चालवलं. त्यातून कुठल्याशा जुन्या लग्नातले जेवणावळीचे फोटो निघाले, गाणं निघालं नाही. त्या जागेवर दुसरं काहीतरी लिहिलं गेलं होतं. नाना कोपऱ्यात उभे राहून बघत होते. जनार्दनशेठ येऊन गेले. आवाज चढवला नाही त्यांनी, फक्त म्हणाले, “मॅडम, तुमचा तर धंदाच सांभालाचा हाय नं?” त्यापेक्षा चढवला असता तर बरं झालं असतं.

मला भीती वाटत होती ती वेगळ्याच गोष्टीची. जाणारी फाईल कशीही जाते, ते मी पाहिलेलं होतं. पण हजारो फायलींमधून तीच एक, दोनदा? मशीनला आवडनिवड नसते असं मी जन्मभर सांगत आले होते.

वनिताताईला मात्र कोडं पडलंच नव्हतं. “आयना ते डब्यात नको व्हता,” ती कॉम्प्युटरकडे बोट दाखवत शांतपणे म्हणाली. “म्हनून गेला. पयल्या वक्ताला सांगून बघितलान तिना, माना समजला नाय.”

“असं काही नसतं हो, ताई.”

“मंग काय अस्ता? तुमी सांगा.”

माझ्याकडे पदवी होती, अनुभव होता, आणि उत्तर नव्हतं. तिच्याकडे होतं. तिचं चूक होतं याबद्दल मला शंका नव्हती, पण गोंधळलेल्या बाईने खात्री असलेल्या बाईशी वाद तरी कशावर घालायचा? ती उठली, चपला घातल्या, आणि दारातून म्हणाली की हळदीला पहिला धवला न म्हणताच सुरुवात करावी लागेल, शेजारच्या गावच्या कुणाला तरी बोलावून पाहू, पण आमच्या घरातल्या गेलेल्या माणसांची नावं तिला कुठून येणार? हे सांगताना तिचा आवाज पहिल्यांदा फाटला.

दुसऱ्या दिवशी जेवणही न करता मी कागदावर लिहून बघत बसले. पहिल्या खेपेला सोमवारी सकाळी नव्हता. शुक्रवारी होता, कारण शुक्रवारी ती ऐकून गेली होती. म्हणजे शनिवारी किंवा रविवारी. रविवारी ऑफिस बंद. शनिवारी आपोआप चालणारं एकच होतं, ते रद्दीचं स्क्रिप्ट. पण त्याचा ‘श्री’शी काय संबंध? ते तर नावात ‘रद्दी’ असलेलेच फोल्डर काढतं. मी ते स्क्रिप्ट उघडून वाचलं. चार ओळींचं. नावं काढ, त्यातली ‘रद्दी’ असलेली निवड, एकेक घे, पुसून टाक. पुन्हा वाचलं. मोठ्याने वाचलं. नानांना वाचून दाखवलं. कुठे बोट ठेवायला जागा नव्हती.

शेवटी पुसायची आज्ञा काढून मी त्या जागी दुसरी घातली. पुसू नकोस, ज्याला हात लावणार आहेस त्याचं नाव फक्त पडद्यावर लिही. स्क्रिप्ट चालवलं. पडद्यावर एकाखाली एक नावं आली. ‘तळोजा-रद्दी’. ‘स्टुडिओ-रद्दी’. मग एका ओळीवर ‘श्री’. आणि त्याच्या खालच्या ओळीवर ‘रद्दी’.

मी ते बघत राहिले. नानाही बघत राहिले. आधी त्यांनी हात जोडले, सवयीने, पडद्यावर श्री दिसला म्हणून.

आता झालं काय होतं ते सांगते. नावं काढणारी आज्ञा नावं नीटच काढते, ओळीला एक. पण ती नावं लूपच्या हातात पडण्याआधी शेल त्यांचे तुकडे करतो. ओळ संपली तिथे तोडतो, हे ठीक. पण दोन शब्दांमध्ये जागा दिसली तर तिथेही तोडतो. त्याच्या लेखी दोन्ही सारखंच. समजा, दवाखान्यात पुकारा करणाऱ्या माणसाच्या हातात ‘रामचंद्र भोईर’ असं नाव आलं, आणि त्याने आधी नुसतीच ‘रामचंद्र’ अशी हाक मारली. भोईर तिथे बसलेलेच आहेत, पण बाकावर दुसराच एक रामचंद्र बसला आहे, नुसता रामचंद्र. तो उठून आत जातो आणि इंजेक्शन घेऊन येतो. मग ‘भोईर’ अशी हाक होते, त्या नावाचा कुणी उठत नाही, आणि पुकारणारा पुढच्या नावाकडे वळतो. खरे रामचंद्र भोईर संध्याकाळपर्यंत बाकावर तसेच.

‘श्री रद्दी’चे दोन तुकडे झाले. ‘श्री’ नावाचं काही आहे का? पूर्वी कधी नव्हतं, म्हणून कुणाचं काही बिघडलं नव्हतं. आता नानांनी त्या नावाची जागा काढून दिली होती. मिळालं, पुसलं. मग ‘रद्दी’ नावाचं काही आहे का? नाही. या पुसायच्या आज्ञेला गप्प राहायला सांगितलेलं होतं, त्यामुळे तिने तक्रारही केली नाही.

तळोज्याचे मॅनेजर हसले होते तेव्हा मीही हसले होते, तेच हे.

नीट करायला गेले तर आणखी गोंधळ. जाणकार सांगतात, नावाभोवती अवतरणचिन्हं घाला. मी पुसायच्या ओळीत नावाभोवती घातली. तरी ‘श्री’ वेगळा, ‘रद्दी’ वेगळी. कारण तुकडे आधीच पडून चुकले होते. एकेका तुकड्याला कितीही जपून गुंडाळलं तरी तुकडा तो तुकडाच. मग चिडून मी वरच्या ओळीत, नावांच्या सगळ्या घोळक्याभोवतीच अवतरणचिन्हं घातली. आता सगळी नावं मिळून एकच लांबलचक नाव झालं, आणि त्या नावाचं अर्थातच काही नव्हतं. शेवटी लूपची जातच बदलली. एका वेळी एक पूर्ण ओळ वाच, मधल्या जागांना हात लावू नकोस. तेव्हा पडद्यावर ‘श्री रद्दी’ अख्खं आलं. इतक्या वर्षांनी माझ्या सोवळ्याचं कारण मला समजलं, आणि ते समजून आनंद झाला असं काही म्हणवत नाही.

नाना खुर्चीत बसले होते. “म्हणजे मी श्री लिहिलं म्हणून गेलं?”

“तुम्ही श्री लिहिलंत म्हणून नाही, नाना. स्क्रिप्ट वाईट लिहिलं होतं म्हणून.”

“पण मी लिहिलं नसतं तर?”

नानांनी चष्मा काढून पुसला. मग सहज म्हणावं तसं म्हणाले, “मॅडम, मग ती रद्दी गेली कधी?”

“कुठली?”

“माझी. श्री रद्दी. शेलाक ती कधी सापडलीच नाय ना?”

मी त्यांच्याकडे बघितलं. शनिवारी रद्दी जाते यावर आमचा इतका विश्वास होता, की ती गेली का हे बघायला आमच्यापैकी कुणीही तो फोल्डर वर्षानुवर्षं उघडला नव्हता. नाना फक्त त्यात टाकत राहिले होते. डिस्क का भरते याचं उत्तर तिथे होतं. मी उघडला. हलल्यामुळे बिघडलेले फोटो, अर्धवट अहवाल, बंद पडलेल्या गिऱ्हाइकांची पत्रं, सगळं जिथल्या तिथे. आणि सगळ्यात खाली, वनिताताईने नको म्हटलेला तो कुकरवाला नमुना.

नानांनी फोन केला. ती भरल्या हातांनी आली असावी, कोपरापर्यंत पीठ होतं. चपला काढल्या, बसली. हेडफोन लावायला गेली तर मी म्हटलं, ताई, चालणार असेल तर आम्हालाही ऐकू दे. तिने मानेने हो म्हटलं.

हिराआयचा आवाज आला. जाडसर, संथ, कुणाला तरी दारातून आत बोलवावं तसा. मागे भांड्यांचा आवाज. गावदेवी झाली, वेशीवरचा देव झाला, आणि खाडीचं नाव घेतल्यावर कुकरची शिट्टी झाली. हिराआय थांबली. शिट्टी संपली, पुन्हा एक झाली, तीही संपू दिली. मग ती रागवून म्हणाली, “बोल तू पन. नुसती बसलीस कनाला?” आणि पुढचं गाणं दोन आवाजांत होतं. एक हिराआयचा आणि एक बारीक, मागून मागून चालणारा. घरातल्या गेलेल्या माणसांची नावं दोघींनी मिळून घेतली होती, शेवटपर्यंत.

वनिताताई हात पुढे धरून बसली होती, पीठ साडीला लागू नये म्हणून. “माझा आवाज आला व्हता मदी,” ती म्हणाली. “म्हनून पन नको बोललू. आयचा चांगला गाना माझ्या आवाजान बिघरला, असा वाटला माना.” मग ती रडली, आणि हात पिठाचे असल्यामुळे डोळे तिला पुसता येईनात. नानांनी त्यांचा रुमाल पुढे केला. आम्ही ते गाणं पुन्हा लावलं.

मी म्हटलं, योगायोग, तुमच्या आयने काही नेलं नव्हतं, एका मोकळ्या जागेने झालं सगळं. तिने ऐकून घेतलं. “मंग राखला कोनी?” तिने विचारलं. मी म्हटलं, त्याच चुकीने. ज्या चुकीने ते गेलं, त्याच चुकीने हे राहिलं. हे बोलताना माझं मलाच नीट समजेना, आणि तिने मात्र असं पाहिलं की जणू मी तिचंच म्हणणं कबूल केलं होतं.

त्या गाण्याची मी दुसऱ्या डिस्कवरही प्रत घेतली, तिथल्या तिथे. नवा फोल्डर काढला. नाव नानांनी दिलं, ‘श्री कुकर’, मधे जागा सोडून. मी ते तसंच टाइप केलं. शनिवारी नवं स्क्रिप्ट चाललं आणि ‘श्री रद्दी’ एकदाची गेली. डिस्क अर्धी रिकामी झाली. कंपनीचे मालक खूश झाले. मला उगाच हुरहुर लागली, की त्यात आणखी कुणाचं काय होतं, ते आपण बघितलंच नाही.

हळदीला मी आणि नाना गेलो. शिरवण्यात घरासमोर मांडव, बायकांची दाटी, हिराआय खुर्चीत उशीला टेकून. वनिताताईने सुरुवात केली. आवाज आईसारखा जाड नव्हता, पण हलत नव्हता. गावदेवी झाली. वेशीवरचा देव झाला. खाडीचं नाव घेतलं, आणि ती थांबली.

बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. जनार्दनशेठ पुढे झुकले. मला वाटलं विसरली. मग माझ्या ध्यानात आलं. ज्या गाण्यावरून ती शिकली होती त्यात तिथे दोन शिट्ट्या होत्या, आणि त्या संपेपर्यंतची जागा तिने जशीच्या तशी सोडली होती. हिराआयच्याही ध्यानात आलं असावं. तिच्या ओठांची चालणारी बाजू वर गेली, आणि चांगल्या हाताने तिने लेकीच्या गुडघ्यावर हलकेच थापटलं. वनिताताईने पुढचं नाव घेतलं, आणि एकेक करून त्या घरातली सगळी माणसं आली.

नंतर ताटं वाढताना जनार्दनशेठच्या मुलीने तिला विचारलं, “आत्या, खारीच्या नावाला थांबाचा कनाला?”

“थांबतान तिथं,” वनिताताई म्हणाली. “तू म्हनशील तवा तू पन थांब.”

मुलीने मान डोलावली. का, ते वनिताताईने सांगितलं नाही, आणि मीही नाही.